बियाण्याला राखलेलं

फेब्रुवारी सरत आलाय.
पाटीच्या दगडाच्या कुंपणावर हिंव दहा वाजेपर्यंत बसून असतं,
उठायचं मनात नसलेल्या पाहुण्यासारखं.

एर्मितासच्या परसात या दिवसांत काय असतं?
माणसाच्या उंचीची कोबी, खालून खालून पानं खुडलेली,
नुसते दांडे आणि वर एकेक झिपरं डोकं.
लसणीची बोटभर पात.
पावट्याची रोपं, वाऱ्याने एका कुशीवर निजवलेली.
गोगलगाईंनी जाळी करून टाकलेला लेट्यूसचा वाफा,
ज्याला ती ‘तुझा वाफा’ म्हणते.
आणि सलगम. कंदासाठी नव्हे, शेंड्यांसाठी.
कार्निव्हलच्या आत खुडायचे, कळी उमलायच्या आत,
डुकराच्या खारवलेल्या खांद्याबरोबर उकडायचे.
कडू लागतात. ‘कडू नको तर गवत खा,’ ती म्हणते.

मी विगोची. चौथ्या मजल्यावर वाढले.
हिरवं म्हणजे आमच्याकडे रबर लावलेली जुडी.
शुर्शो बोटीवर गेलाय, बर्फातले मासे मोजतोय,
आणि मी त्याच्या आईच्या मोडलेल्या हाताच्या जागी आलेय
लुगोच्या वरच्या अंगाला, या सात घरांच्या गावात.
ती खिडकीतून सांगते. मी खुडते.

त्या दिवशी खिडकी बंद होती.
मी टोपली भरत गेले, भरतेय म्हणून खूश होत गेले.
तिसऱ्या ओळीच्या टोकाला एक झाड होतं, सगळ्यांत जाड,
दांड्याला निळी चिंधी. वाटलं, वाऱ्याने अडकली असेल.
सोडली, खिशात घातली,
आणि झाड बुडापासून कापलं.

टोपली ओट्यावर ठेवली तेव्हा तिने शेंडे पाहिलेच नाहीत,
माझ्या खिशातून लोंबणारं निळं टोक पाहिलं.
ओरडली असती तर बरं झालं असतं.
‘ते बियाण्याला राखलं होतं,’ एवढंच,
आणि एका हाताने चूल सारखी करत बसली,
जी आधीच सारखी होती.

चिंधी अमान्सिओच्या सदऱ्याची, हे रात्री कळलं.
दर साल एकच झाड. त्याच्याआधी त्याच्या आईचं एक.
या घरात सलगम पाकिटातून कधी आलंच नव्हतं.
मी कंदील घेऊन त्या थोटकापाशी जाऊन आले. दोनदा.
माफी मागितल्यावर कोंब फुटतो, असं थोडंच आहे?

सकाळी ती स्वतः खिडकीशी आली.
पाण्याच्या पाळीवरून देल्मिरोशी तिचं बोलणं बंद आहे,
शुर्शो तेव्हा रांगत होता.
तिने फक्त हनुवटी उचलली, कुंपणापलीकडे.
तिथे, ज्याला कुणी बाग म्हणणार नाही अशा त्या रानात,
एक सलगम कमरेएवढं वाढून पिवळंधमक फुललं होतं.

‘अमान्सिओ दर साल मूठभर बी तिकडे टाकायचा,’ ती म्हणाली.
‘मला कळत नाही असं त्याला वाटायचं.
मी वाटू दिलं.’
मग म्हणाली, ‘चिंधी आहे ना? बांधून ये.’

मी कुंपणावरून उतरले, गुडघा खरचटला.
देल्मिरो दारात आला, पायांत सपाता, तोंडात अर्धा पाव.
माझ्याकडे पाहिलं, चिंधीकडे पाहिलं,
पाव खांबावर ठेवला
आणि माझी गाठ नीट बसावी म्हणून
दांडा दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.
मधमाशा नव्हत्या अजून. एक माशी होती, थंडीने मंदावलेली.
कुणी काही बोललं नाही. खिडकीही नाही.

दुपारी मी ते शेंडे उकडले.
फार शिजले. कडूपणा सगळा पाण्यात गेला.
तेवढं मात्र तिने बोलून दाखवलं.